माळ्यावरचा गॅरार्ड एसपी २५ रेकॉर्ड प्लेयर परत चालू करायचा आहे, पैसे आधी कार्ट्रिजवर (सुई धरणाऱ्या भागावर) घालू की मोटरवर?

महाल_३३
नमस्कार मंडळी. वाड्याची डागडुजी काढलीये म्हणून माळा रिकामा करून राहिलो होतो तर बाबांचा गॅरार्ड एसपी २५ निघाला, मेड इन इंग्लंडवाला, लाकडी बेससकट. झाकणाला एक तडा आहे, बाकी अंग शाबूत. सोबत पेटीभर तबकड्या, जास्त करून नाट्यगीतं आणि शास्त्रीय, वसंतराव देशपांड्यांच्या एलपींना तर बाबांनी ब्राऊन पेपरची कव्हरं घातली आहेत, आणि थोड्या ७८ वाल्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जड तबकड्या पण आहेत.

प्लग लावला तर फिरतो पण एलपीच्या ३३ स्पीडवर सुस्त, मध्येच सूर खाली घसरतो आणि मागे सतत घरघर. बाजू संपली की सुईवाला आर्म परत यायला निघतो अन् अर्ध्यात अडकतो. वायरच्या टोकाला गोल पाच पिनचा प्लग आहे, माझ्या अ‍ॅम्पला मागे टर्नटेबल लावायचं फोनो इनपुट आहे पण त्यात हा लागतच नाही. कार्ट्रिज बहुतेक मूळचंच, छोटी दांडी फिरवली की सुई पलटते, एकीकडे एलपी दुसरीकडे ७८.

इथे नागपुरात बर्डीला एका दुकानात दाखवला तर ते म्हणे आतलं सगळं काढून टाकू, बेल्टवाली नवीन मोटर बसवून देतो, दोन दिवसात घेऊन जा. मन मानत नाही. बजेट आठ-दहा हजार. मला स्क्रू ड्रायव्हर आणि सोल्डरिंग जमतं. आधी काय करू?

जुनी_सुई
भाऊ, मोटर अजिबात काढू देऊ नका. तुम्ही जे जे लिहिलंय ते सगळं वाळलेल्या ग्रीसचं आणि कडक झालेल्या रबराचं लक्षण आहे, मोटर जळाली असती तर फिरलीच नसती. या मशीनला बेल्ट नसतोच, मोटरच्या शाफ्टवर पायऱ्यांची पुली असते, तिला एक रबरी चाक टेकतं आणि ते चाक आतून प्लॅटरच्या (तबकडी ठेवायच्या थाळीच्या) कडेला घासून प्लॅटर फिरवतं. स्पीड बदलला की तेच चाक पुलीच्या वेगळ्या पायरीवर जातं. त्या चाकाला आयडलर म्हणतात, आणि तुमची अर्धी घरघर तिथूनच येतेय. कडक रबर मोटरचं कंपन गिळत नाही, सरळ प्लॅटरला देतं आणि सुई ते ऐकते.

वायर काढून प्लॅटर उचला (मधल्या दांडीला सर्क्लिप, म्हणजे स्प्रिंगची कडी, असेल तर ती आधी काढा, उडून हरवते, वर हात धरा). खाली पिवळं-तपकिरी मेणासारखं जे दिसेल ते जुनं ग्रीस. आर्म अर्ध्यात अडकतो तो याच्यामुळे, ऑटोमॅटिकच्या सरकत्या पट्ट्या आणि मोठं दातेरी चाक त्यात चिकटून बसलेलं असतं. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि कानातल्या काड्या घेऊन सगळं खरवडून काढा, नवीन ग्रीस अगदी पातळ लावा आणि फक्त सरकत्या जागी. प्रत्येक पायरीचा फोटो काढा, सेंटर बेअरिंगखाली बारीक छर्रे आणि वॉशर असले तर त्यांचा क्रम चुकता कामा नये.

मोटरच्या वर-खाली पितळी रंगाचे बुश असतात, ते तेल पिऊन ठेवतात आणि इतक्या वर्षांत कोरडे पडतात. मोटर खोला, शाफ्ट पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब, बस. हाताने फिरवून सोडली की आपोआप थोडा वेळ फिरत राहिली पाहिजे. डब्ल्यूडी-४० कुठेच मारू नका, आजकाल जो तो तेच फवारतो, ते वंगण म्हणून टिकत नाही आणि रबरावर उडालं तर आयडलर घसरायला लागतो. आयडलरची कडा आणि प्लॅटरची आतली कडा दोन्हींवर तेलाचा अंशसुद्धा नको. रबर चकचकीत झालं असेल तर बारीक पॉलिश पेपरने चकाकी काढा. एका जागी खड्डा पडला असेल तर मात्र हाताने घासू नका, छापखान्याच्या रोलरला रबर चढवून देणारे असतात त्यांच्याकडे न्या आणि लेथवर गोल करून घ्या, नाहीतर प्रत्येक फेरीला धप धप येईल.

हे झाल्याशिवाय कार्ट्रिजवर एक रुपया घालू नका. चांगलं कार्ट्रिज ही घरघर जास्तच स्पष्ट ऐकवेल.

सोल्डर_धरमपेठ
काका बरोबर सांगून राहिले, पण दादा त्याच्याही आधी एक काम. आता परत प्लग लावू नका. स्विचवर ठिणगी मारायला एक कपॅसिटर असतो, त्या काळचे कागदी असतात, तडकतात आणि कधी कधी शॉर्ट होऊन धूर काढतात. तो काढून त्याच किमतीचा एक्स२ लिहिलेला बसवा, साधा कपॅसिटर मेनवर चालत नाही. आणि मोटरच्या टर्मिनलवर २४० ची जोडणी आहे का ते बघून घ्या.

पाच पिनच्या प्लगमध्ये काही जादू नाही. ३ नंबर डावा, ५ उजवा, २ ग्राउंड. कापून आरसीए (लाल-पांढरे ऑडिओ प्लग) लावा. पण आर्ममधली अर्थची वायर वेगळी काढा आणि अ‍ॅम्पच्या ग्राउंड स्क्रूला जोडा. तुमच्या जुन्या वाड्यात तीन पिनच्या बोर्डला खरंच अर्थ आलेला आहे का ते वायरमनकडून तपासा, बऱ्याच ठिकाणी तिसरं भोक रिकामंच असतं आणि मग हम येतो म्हणून लोक टर्नटेबलला दोष देतात.

आता कार्ट्रिज. पलटणारी सुई म्हणजे सिरॅमिक असणार. ते शेकडो मिलिव्होल्ट देतं, मॅग्नेटवालं चार-पाच देतं. म्हणून सिरॅमिक तुमच्या फोनो इनपुटला लावलं तर आवाज फाटेल. उलट मॅग्नेटवालं साध्या ऑक्स इनपुटला लावलं तर बारीक आणि पोकळ वाजेल, कारण तबकडी कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे सूर वाढवलेले असतात, फोनो स्टेज ते उलटं करून सरळ करते. तुमच्या अ‍ॅम्पला फोनो आहे तर मॅग्नेटवालंच घ्या.

गोकुळपेठ_एलपी
एवढ्या खटाटोपापेक्षा नवीन डायरेक्ट ड्राइव्ह (मोटरच सरळ प्लॅटर फिरवणारा) घ्या ना, स्पीडची कटकटच नाही.

जुनी_सुई
आठ-दहा हजारात जे नवीन मिळतं त्यात बहुतेक हलका प्लॅटर आणि प्लास्टिकचा आर्म. साफ केलेला गॅरार्ड त्याच्यापेक्षा कधीही भरीव वाजतो, आणि नव्या बहुतेक मशीनना ७८ नसतोच. यांच्याकडे ७८ आहेत.

महाल_३३
सगळ्यांचे मनापासून आभार. खोलला. धरमपेठच्या ताई, कपॅसिटरच्या अंगावर खरंच भेग होती, बदलला. ग्रीस इतकं घट्ट होतं की दातेरी चाक बोटाने हलत नव्हतं, आता आर्म शेवटपर्यंत जाऊन स्टँडवर बसतो. आयडलरला खड्डा नाही, फक्त चकाकी होती. घरघर पुष्कळ कमी झाली. स्पीड बरोबर आहे का ते कसं बघू? नेटवरून स्ट्रोबची चकती (लुकलुकत्या दिव्याखाली स्पीड बरोबर असला की जिच्या रेषा थांबलेल्या दिसतात ती) छापली पण एलईडीखाली रेषा थांबलेल्या दिसतच नाहीत. आणि कार्ट्रिज कोणतं?

सोल्डर_धरमपेठ
एलईडी त्यासाठी बहुतेक चालत नाही. स्विचबोर्डचा जुना निऑनवाला लाल इंडिकेटर वायरला जोडून अंधारात जवळ धरा, तो आपल्या ५० हर्ट्झवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. फक्त टोकं नीट टेपने झाका, मेन आहे ती. चकतीवर ३३ साठी १८० रेषा हव्यात, २१६ असतील तर ती अमेरिकेची ६० हर्ट्झची आहे. तबकडी ठेवून आणि सुई टेकवूनच बघा, रिकाम्या प्लॅटरचा स्पीड कामाचा नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी मोहल्ल्यातले सगळे कूलर लागले आणि व्होल्टेज पडलं की मोटरचा जोर कमी होतो, तेव्हा तपासू नका.

जुनी_सुई
कार्ट्रिजला सरळ उत्तर, ऑडिओ टेक्निका एटी ३६००एल. सुईच्या साडेतीन ग्रॅम वजनावर चालतं आणि या जुन्या जड आर्मला तेच मानवतं. फार नाजूक कार्ट्रिज लावलं तर आर्म परत फिरवणारी यंत्रणा सुईला बाजूला ढकलते. त्याच कंपनीचं व्हीएम९५ई पण चांगलं, ते २ ग्रॅमचं, आर्मची बेअरिंग मोकळी असेल तरच बघा. वजन आर्मवरच्या आकड्यावर सोडू नका, डिजिटल काटा घ्या. हेडशेलमध्ये (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसतं तिथे) पांढरी आणि निळी वायर डावी, लाल आणि हिरवी उजवी.

७८ वर एलपीची सुई लावू नका आणि उलट तर मुळीच नाही. एलपीची सुई ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ ची साधारण ३ मिलची, जाड सुई एलपीच्या खाचेत घातली तर वसंतरावांचा आवाज कायमचा खरवडून निघेल, आणि आपल्या मूर्तिजापुरात जन्मलेल्या माणसाचा आवाज आहे तो. व्हीएम९५ घेतलं तर त्याच बॉडीवर ७८ ची एसपी सुई बसते, तिला वजन ५ ग्रॅम द्यावं लागतं. हा एकच मुद्दा मला त्या बाजूने ओढतो. ७८ रोज ऐकणार असाल तर ते घ्या, नाहीतर ३६००एल.

आणि तबकड्या धुताना ७८ ला आयपीए लावायचं नाही, ती लाखेची असते, स्पिरिटमध्ये विरघळते. डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाचा थेंब, लेबल कोरडं ठेवून. एलपी परत माळ्यावर नका ठेवू, मे महिन्यात कवेलूखाली वाकतात. खालच्या खोलीत उभ्या ठेवा, कूलरच्या झोतापासून लांब, ओल धरली की कव्हरला बुरशी येते. ते ब्राऊन पेपर पण काढून बघून घ्या, आत कसर लागली असेल तर आधी तेवढं झटका.