पहिली नोकरी: पगार बघावा की हातात येणारं काम? अनुभव सांगा

पुतण्या यंदा बीडच्या आयटीआयमधून टर्नर (लेथ मशीनवर धातू कातून भाग बनवणारा) झाला. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत दोन ठिकाणी बोलावणं आलंय. मोठ्या कंपनीत ठेकेदाराकडून 17,000, पण काम पॅकिंगचं. छोट्या वर्कशॉपात 12,000, काम लेथवर. भाऊ म्हणतो, जास्त देतात तिकडं जा. मला ते पटत नाही. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी लिहा.

टर्नर, वाळूज
मी 2012 ला 4,500 वर लागलो. पहिल्या महिन्यात 40 मिमी जाडीचा शाफ्ट (गोल दांडा) काढला, गरम असतानाच मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला, बरोबर 40.00. मिस्त्रींनी तो टेबलावर ठेवायला लावला. चहा पिऊन आलो, परत मोजला, तर 39.97. जॉब रिजेक्ट. ते ओरडले नाहीत. "गरम लोखंड फुगतं, आधी थंड होऊ दे," एवढंच म्हणाले. आयटीआयच्या दोन वर्षांत हे कानावरून गेलं होतं, डोक्यात शिरलं त्या दिवशी. फोर जॉ चकमध्ये, म्हणजे चार जबड्यांच्या पकडीत, डायल गेज लावून जॉब ट्रू करायला (बरोबर मध्यावर आणायला) तिथंच शिकलो. तीन वर्षं हात आखडून काढली, खोलीत चौघं राहायचो. आज सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनचा सेटर आहे, मशीन कामाला लावून देतो. ड्रॉइंग हातात आलं की प्रोग्रॅम माझा मीच लिहितो. पॅकिंगला गेलेले माझ्या बॅचचे दोघं अजून दर वर्षी ठेकेदार बदलतात.

वेल्डर, जालना
मी पैसे बघितले. वडिलांवर सोसायटीचं कर्ज होतं, बहिणीचं लग्न तोंडावर. दोन वर्षं तीच प्लेट, तीच फ्लॅट पोझिशन, म्हणजे आडव्या ठेवलेल्या प्लेटवर वरून वेल्डिंग. नंतर आखातातल्या नोकरीसाठी टेस्ट दिली. 45 अंशात तिरका बांधलेला पाइप, त्याच्याभोवती फिरून वेल्ड करायचं, त्याला 6जी म्हणतात. रूटमध्येच, म्हणजे जोडाच्या तळाच्या पहिल्या थरातच, नापास झालो. दोन वर्षांच्या पगारातून पीएफ कापला होता, खात्यात मात्र जमा नव्हता. तरी लग्न त्याच पैशावर झालं, त्यामुळं चुकलो असं म्हणवत नाही. पोराच्या घरची ओढ किती आहे, ते आधी विचारा दादा.

इलेक्ट्रिशियन, नांदेड
अप्रेंटिसशिपचं (कंपनीतल्या शिकाऊ उमेदवारीचं) कुणीच लिहिलं नाही. मी वर्षभर केली. स्टायपेंडमध्ये जेमतेम भागायचं, पण परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. रेल्वेतच अप्रेंटिसशिप करून हे प्रमाणपत्र मिळवलेल्यांना रेल्वेच्या लेव्हल 1 (सगळ्यात खालच्या श्रेणीच्या) भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात. मुलींनी तर हा रस्ता जरूर बघावा, मला घरून परवानगी त्या प्रमाणपत्राच्या नावावरच मिळाली.

धागा काढणारा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल भावाला घेऊन वर्कशॉप बघून आलो. भाऊ मशीनजवळ बराच वेळ उभा राहिला. पहिले सहा महिने साधी लेथ, मग सीएनसी, असं मालक म्हणाले. पीएफचं मी स्पष्ट विचारलं, तर त्यांनी जुन्या कामगाराचं पासबुक मोबाइलवर दाखवलं. पोरगं सोमवारी रुजू होतंय. वाळूजच्याच पंढरपूर चौकाजवळ खोली बघतोय, कुणाला माहीत असेल तर कळवा.