पहिल्याच तारखेला 'गुन्हा कबूल' म्हणावे, की वकील उभा करावा?

पायवाट (धागाकर्ता)

मद्यपान करून गाडी चालवताना पकडलेल्या माणसाने वकील घ्यावा का, या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेले उत्तर आहे: "कशाला? दहा हजार भर आणि मोकळा हो." मला हा सल्ला घातक वाटतो, म्हणून हा धागा काढत आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला की गुन्हा होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हेल्मेटच्या चलनासारखे हे प्रकरण तडजोड शुल्क भरून मिटत नाही, कारण तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या कलम २०० मधील यादीत १८५ नाही. न्यायालयाची पायरी चढावीच लागते.

तिथे प्रत्यक्षात काय होते, ते नववर्षाच्या मोहिमेनंतर एखाद्या न्यायालयात जाऊन पाहावे. पैरवी हवालदार नावे पुकारतो, पाचसहा जण एकदमच पुढे येतात, न्यायाधीश "गुन्हा कबूल आहे का?" असे विचारतात, माना डोलतात आणि मंडळी दंडाची पावती घ्यायला खाली जातात. त्या मिनिटभरात आपण दोषसिद्ध गुन्हेगार ठरलो, पुन्हा सापडलो तर तो दुसरा गुन्हा धरला जाईल, आणि कबुलीवरून झालेल्या शिक्षेविरुद्ध भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ प्रमाणे केवळ शिक्षेचे प्रमाण किंवा तिची वैधता एवढ्यापुरतेच अपील करता येते, हे त्यांतल्या बहुतेकांच्या गावीही नसते. सुटण्यासाठी वकील घ्या, असे मी म्हणत नाही. "कबूल आहे" हे दोन शब्द उच्चारण्यापूर्वी कागद एकदा जाणकाराला दाखवा, एवढेच माझे म्हणणे आहे.

मागची सीट

मला या धाग्याचा सूरच खटकला. माझ्या आतेभावाला एका मद्यधुंद चालकाने उडवले; तो वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चालकाच्या बाजूने पहिल्या दिवसापासून वकील हजर होता आणि खटला अजून रेंगाळतो आहे. आपण प्यायलो होतो की नाही, हे त्या माणसाला पक्के ठाऊक असते. ज्याला ठाऊक आहे त्याने कबूल करावे, दंड भरावा आणि पुन्हा तसे करू नये. यात वकिलाचे काम काय?

मोठ्या प्रकरणांतही हेच दिसते. वांद्र्याच्या सप्टेंबर २००२ च्या अपघातात सलमान खान यांना मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच डिसेंबरात उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. रक्ताच्या नमुन्याचा पुरावा तिथे टिकला नाही. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला दोन तरुण अभियंते पोर्शे गाडीखाली गेले, तर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. ज्याच्या खिशात पैसा, त्याच्या रक्तात दारू सापडत नाही, असे सामान्य माणसाने म्हटले तर त्याचे काय चुकले?

काळा कोट

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो, त्यामुळे माझा पक्ष कोणता हे उघडच आहे. 'मागची सीट' यांचा संताप मी समजू शकतो, पण त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. नमुना बदलणे हा बचाव नव्हे, तो स्वतंत्र गुन्हा आहे आणि पुण्यात त्याबद्दलच अटक झाली. उलट नमुना कोणी घेतला, त्यावर सील कोणी लावले, तो प्रयोगशाळेत केव्हा पोहोचला, हे प्रश्न उलटतपासणीत विचारले जातात म्हणूनच पोलिसांना ती साखळी नीट जपावी लागते.

वकील उभा राहिला की आरोपी सुटतोच, हाही गैरसमज आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर गाडीखाली चिरडले गेले. त्या खटल्यातल्या चालकाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत बचाव केला. तरीही उच्च न्यायालयाने दिलेली तीन वर्षांची शिक्षा २०१२ मध्ये कायम राहिली, कारण रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क असल्याचा अहवाल आणि इतर पुरावा टिकला. पुरावा चोख असेल तर बचावाने तो ढासळत नाही.

आता नाकाबंदीच्या साध्या प्रकरणाबद्दल. मी प्रथम यंत्रातून निघालेली चिठ्ठी मागतो. तिच्यावरची वेळ आणि अटकेच्या कागदावरची वेळ जुळते का, आकडा ३० च्या किती वर आहे, यंत्राच्या तपासणीचे प्रमाणपत्र आहे का, हे पाहतो. नुसता दारूचा वास, अडखळती चाल आणि विस्फारलेली बुबुळे यांवरून दारूचे सेवन सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये बच्चूभाई करियानी यांच्या खटल्यात, म्हणजे मुंबई दारूबंदी कायद्याखालच्या प्रकरणात, म्हटले होते. यंत्राचा आकडा स्पष्ट १२० असेल आणि कागद नीट असतील, तर मीच अशिलाला कबुलीचा सल्ला देतो. मात्र तेव्हाही परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडावे म्हणून, अर्ज करतो. तो मंजूर करणे न्यायालयाच्या मर्जीवर असते, पण मंजूर झाला तर कलम १२ मुळे दोषसिद्धीला चिकटणारी अपात्रता लागत नाही. सरकारी नोकरीच्या तयारीतल्या मुलासाठी हा फरक दहा हजारांपेक्षा फार मोठा आहे, आणि नेमके हेच त्याला व्हरांड्यात कोणी सांगत नाही.

नाकाबंदी

वाहतूक शाखेतून निवृत्त झालो आहे. थंडीत रात्री दोन वाजेपर्यंत चौकात उभे राहून शंभर जणांच्या तोंडाशी नळी धरणाऱ्या शिपायाची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. प्रत्येक तळीरामाने वकीलपत्र दाखल केले, तर त्या शिपायाला तारखांमागून तारखांना साक्षीसाठी जावे लागेल, आणि तेवढ्या रात्री रस्त्यावर माणूस कमी पडेल. मुंबईत २००७ पासून जी कडक मोहीम सुरू झाली, तिचा धाक झटपट निकालांमुळेच बसला.

शिवाय हल्ली लोक अर्धवट ज्ञान घेऊन येतात. "दोन तासांत डॉक्टरकडे नेले नाही, आता केस संपली," असे एकाने मला तोंडावर सुनावले होते. काही जण फुंकायलाच नकार देतात आणि त्यात हुशारी समजतात.

काळा कोट

'नाकाबंदी' यांच्या या दोन्ही तक्रारींशी मी सहमत आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०२ नुसार १८५ खाली अटक केलेल्या व्यक्तीची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. ती झाली नाही तर तिला कोठडीतून सोडावे लागते, पण तेवढ्याने खटला संपत नाही. नकाराबद्दल सांगायचे तर, वाजवी कारणाशिवाय चाचणी नाकारली तर कलम २०५ प्रमाणे तो नकारच सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारा मानता येतो. समाजमाध्यमांवरून असले डावपेच शिकण्यापेक्षा वकिलाला फोन केलेला बरा.

पायवाट (धागाकर्ता)

झटपट निकालाचा धाक मला मान्य आहे, पण ही घाई पकडणाऱ्याच्या सोयीची आहे. शिक्षा भोगणाऱ्याने ती का स्वीकारावी? शिपायाचा वेळ वाचावा म्हणून नागरिकाने कागद न वाचताच मान डोलवावी, हा युक्तिवाद मला पटत नाही. साक्षीच्या तारखा एकत्र लावून घेणे किंवा मनुष्यबळ वाढवणे, हा शासनाचा प्रश्न आहे.

कोल्हापूरकर

एक व्यावहारिक अडचण कोणीच मांडली नाही. आमच्याकडची पोरे गोव्याला जातात, भाड्याच्या दुचाकीवर पकडली जातात आणि तारीख म्हापशाच्या न्यायालयात पडते. दर तारखेला रजा काढून घाट उतरायचा आणि रात्री परत चढायचा, यापेक्षा माणूस कबूल करून मोकळा होतो. चाचणी बरोबर होती की चूक, याच्याशी त्या कबुलीचा काहीही संबंध नसतो.

काळा कोट

यासाठी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २२८ पाहावे. दंडाधिकारी आरोपीची प्रत्यक्ष हजेरी माफ करून त्याला वकिलामार्फत हजर राहण्याची मुभा देऊ शकतात, आणि स्थानिक वकील लागतो तो याचसाठी. मात्र आवारात "साहेब, पाच हजारांत मिटवतो" म्हणत मागे लागणाऱ्याला हात जोडावेत. अशी अशिलांची ओढाओढ करायला वकिलाला मनाई आहे, आणि असे बोलणारा बहुधा वकीलही नसतो.

जर्सीकर

इथे अमेरिकेत मद्यपी चालकाला अटक झाली, तर शिक्षा होण्याआधीच, केवळ अटकेवरून, परराष्ट्र खाते व्हिसा रद्द करू शकते. आमच्या न्यू जर्सीत हा वाहतुकीचा गुन्हा मानला जातो आणि त्यासाठी ज्युरीही मिळत नाही, तरीही इथली मराठी मुले आधी वकिलाला फोन करतात, घरी नंतर. भारतात घेतलेली दोषसिद्धीही व्हिसाच्या अर्जात सांगावी लागते, हे परदेशाची स्वप्ने पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

मागची सीट

व्हिसा, नोकरी, परिवीक्षा. सगळी काळजी पिणाऱ्याच्या भवितव्याची. त्यातही ज्याला परवडत नाही त्याला सरकार आमच्या कराच्या पैशातून वकील देते. काही ठिकाणी वकील संघटनांनीच अशा आरोपींचे वकीलपत्र न घेण्याचे ठराव केले होते, ते मला योग्य वाटतात.

काळा कोट

असे ठराव बेकायदा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात ते निरर्थक ठरवले. आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे, आणि कसाबच्या खटल्यातही २०१२ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे प्रथम हजर करतानाच मोफत वकिलाच्या हक्काची जाणीव करून द्यायला हवी. ज्या हक्कापासून कसाबला वंचित ठेवले नाही, तो बाटली रिचवून स्कूटर चालवणाऱ्याला नाकारता येणार नाही.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ खाली कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हल्ली जिल्ह्याच्या ठिकाणी लोकअभिरक्षक कार्यालय हे काम पाहते, आणि १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. कलम १८५ जामीनपात्र असल्याने आरोपी सहसा लगेच सुटतो. सुटल्यावर कोठडीचा निकष उरत नाही, मग उत्पन्नाची किंवा इतर अट पूर्ण करावी लागते. कराच्या पैशातून सरसकट सगळ्यांना वकील मिळतो, असे नाही.

मागची सीट

हक्क आहे, हे मान्य. पण नाकाबंदीत सापडलेल्या, महिना लाखभर कमावणाऱ्या माणसाने यंत्राच्या प्रमाणपत्रावर बोट ठेवून सुटणे मला आजही पटत नाही, आणि पटेल असे वाटत नाही. शिवाय माझ्या आतेभावाचा वकील कुठे आहे? सरकारी वकील त्याला ओळखतही नाहीत.

काळा कोट

त्याला स्वतःचा वकील लावता येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ मधील तरतुदीनुसार न्यायालय पीडिताला सरकार पक्षाच्या मदतीसाठी स्वतःच्या पसंतीचा वकील नेमण्याची परवानगी देऊ शकते. अपंगत्व आल्यामुळे तो विधी सेवा अधिनियमाच्या कलम १२ खाली मोफत विधी सेवेलाही पात्र ठरू शकतो. खटला चालू आहे म्हणता, तर अर्ज आजही करता येईल.