आईचा रिपोर्ट : सोडियम १२४, सीआरपी ८६. मीठ वाढवावे का?

द्राक्षमळा (सिडको, नाशिक): आईचे रक्त सकाळी घरी येऊन नेले आणि रिपोर्ट आत्ता मोबाइलवर आला. सीआरपी ८६, ईएसआर ५८ (दोन्ही शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), पांढऱ्या पेशी १५,४००, सोडियम १२४, पोटॅशियम ५.९, पाचही आकडे मर्यादेबाहेरचे म्हणून ठळक छापले आहेत. आमचे डॉक्टर सोमवारपर्यंत बाहेरगावी आहेत. जंतुसंसर्ग आहे का आणि जेवणात मीठ वाढवले तर चालेल का, एवढेच सांगावे.

शहाळे: अशक्तपणा असेल, तर दिवसातून दोनदा नारळपाणी द्यावे, आमच्याकडे त्याचा फार उपयोग झाला.

काचपट्टी: पोटॅशियम ५.९ दिसत असताना नारळपाणी मुळीच देऊ नये, कारण त्यात पोटॅशियमच भरपूर असते. द्राक्षमळा, आपण वय, ताप, चालू औषधे आणि सीआरपीचे एकक यांपैकी काहीच लिहिलेले नाही. सीआरपी कुठे लिटरला, तर कुठे डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये छापतात आणि त्यात दहापट फरक पडतो. पोटॅशियमखाली बारीक अक्षरांत ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा आहे का, तेही पाहावे. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांतले पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटाच वाढतो.

गंगाथडी: माझा विश्वास ईएसआरवर आहे. काकांचा ९० होता आणि क्षय निघाला. सोबत विडाल, म्हणजे टायफॉइडची रक्ततपासणीही करून घ्यावी.

काचपट्टी: ईएसआर वयानुसार आणि रक्त कमी असले तरीही वाढतो, शिवाय दुखणे बरे झाल्यावर खाली यायला आठवडे लावतो. सीआरपी काही तासांत चढतो आणि कारण दूर झाले की साधारण १९ तासांत निम्मा होतो. विडालचा इथे संबंधच काय?

द्राक्षमळा: वय ७२. लिटरला मिलिग्रॅम. शेरा आहे, मला तो तपासणीचा प्रकार वाटला होता. रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ आहे. तीन दिवस लघवीला जळजळ आहे, ताप नाही. दुपारपासून ती मला मामाच्या नावाने हाक मारते आहे, पण झोप झाली नसेल म्हणून ते लिहिले नाही.

रात्रपाळी: ते सर्वांत आधी लिहायला हवे होते. ‘एच’ म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड, लघवी वाढवणारे औषध. त्याने सोडियम उतरते, विशेषतः वयस्कर स्त्रियांमध्ये. सोडियम १२४ आणि त्यात हा भ्रम, म्हणजे सोमवारची वाट न पाहता त्यांना आत्ताच आयसीयू असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि गोळ्यांची पाकिटे सोबत ठेवावीत. घरी मीठ वाढवू नये. सोडियम फार झपाट्याने चढले तर मेंदूला इजा होते, म्हणून ते दर काही तासांनी मोजत सावकाश वाढवतात. ईसीजी आणि पोटॅशियमची फेरतपासणी होईलच. लघवीचा कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, मात्र प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी घ्यायला सांगावा.

द्राक्षमळा: दाखल केले आहे. नव्या नमुन्यात पोटॅशियम ४.४ आले, सोडियम १२३. लघवीत पू-पेशी भरपूर आहेत, कल्चरला दोन दिवस लागतील. ‘एच’ची गोळी बंद केली आहे.

गंगाथडी: विडाल सांगितली का?