तेरच्या म्युझियमला सातवीची पोरं न्यायचीत, तिथं नेमकं काय करून घ्यावं?

खडूवाली:
नमस्कार मंडळी. झेडपीच्या शाळेवर आहे, लातूर जिल्ह्यात. दिवाळीनंतर सातवीची ४२ पोरं घेऊन धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं लामतुरे संग्रहालय बघायला जायचंय, तिथं जुन्या तेरमध्ये सापडलेल्या वस्तू आहेत. मागच्या वर्षी दुसऱ्या एका म्युझियमला नेलं होतं आणि सगळाच घोळ झाला, पोरं रांगेत आत गेली नि रांगेतच बाहेर आली, अर्धी तर पाट्याच उतरवत बसली कारण परत आल्यावर निबंध लिहायचा असं मीच सांगून ठेवलेलं. येताना विचारलं काय आवडलं, तर सगळ्यांचं एकच, वडापाव 😅 यंदा तसं नको. कुणी नेलंय का पोरांना?

तेरणाकाठ:
मॅडम, मी तेरचाच. आधी म्युझियममध्ये घुसूच नका. पहिलं गोरोबाकाकांचं मंदिर, मग त्रिविक्रमाचं. ते विटांचं आहे आणि मागून गोल, एखाद्या चैत्यासारखं (म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या लेण्यासारखं), लई जुनं. विटांची गोष्ट पोरांना नक्की सांगा, इथल्या काही जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. मातीत तूस कालवून भाजलं की तूस जळून जातं, आत भोकं राहतात, वीट हलकी होते. शाळेत बादलीत आजची वीट टाकून दाखवा, बुडाली की आपोआप प्रश्न सुरू. आणि हो, सरकारी म्युझियमं बहुतेक सोमवारी बंद असतात, आधी फोन करून मगच गाडी ठरवा.

जुनीनाणी:
वर्कशीट देऊ नका एवढंच सांगेन. पोरगं रिकामी जागा भरायला उत्तर शोधतं, वस्तू बघतच नाही. त्यापेक्षा चार-चारचे गट करा, एका गटाला एकच वस्तू, दहा मिनिटं तिच्यासमोर बसायचं, चित्र काढायचं आणि तीन प्रश्न लिहायचे. उत्तरं नाही, प्रश्न.
एका गटाला म्युझियममधली ती हस्तिदंती बाईची छोटी मूर्ती द्याच. तशाच घडणीची एक मूर्ती इटलीत पाँपेईला सापडली १९३८ साली, आणि ते शहर ज्वालामुखीखाली गाडलं गेलं इ.स. ७९ मध्ये. म्हणजे बघा, आपल्याकडची कारागिरी तेव्हाच तिकडं पोचलेली. पाँपेईच्या मूर्तीला भोक आहे, म्हणून कुणी आरशाची मूठ म्हणतं, कुणी टेबलाचा पाय. पोरांना आधी सांगूच नका, वाद घालू द्या.

खडूवाली:
@जुनीनाणी हे भारीये. पण सातवीला रोम कसं समजवायचं, नकाशा टांगून?

जुनीनाणी:
रोमपासून नका सुरू करू, गाडीवाटेपासून करा. एका ग्रीक व्यापाऱ्याने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय, तगर म्हणजे आपलं तेर, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. इथलं कापड गाड्यांत भरून गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचं, तिथून जहाजात. पैठण ते भडोच अजून वीस दिवस. पोरांना विचारा, महिनाभराच्या वाटेत बैल काय खाणार, चाक मोडलं तर काय, पावसात कापड कसं झाकणार. गावातल्या पोरांना हे आपल्यापेक्षा जास्त कळतं.

डबेवाली_मावशी:
मी मुंबईची, माझ्या भाच्याच्या शाळेत २०१५ ला सुरू झालेली ती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस आली होती, म्हणजे म्युझियमच शाळेत येतं. पोरं खूश होती. पण तेरला जी जागा आहे ना, जिथं वस्तू सापडली तिथंच ती बघायची, ते बसमध्ये मिळत नाही. (डबा घरूनच द्या हो, वडापावचा प्रश्नच मिटला.)

तेरणाकाठ:
अजून एक, पावसाळ्यानंतर शेतातून जाताना पोरांना मणी किंवा खापरं दिसतील, हमखास. उचलू देऊ नका, खिशात तर अजिबात नाही. जिथं दिसलं तिथंच राहू द्या आणि म्युझियममध्ये सांगा.

खडूवाली:
बरं झालं सांगितलंत, आमची पोरं काहीही खिशात घालतात. दहा गट करते, दोन पोरं उरतात, ती बैलांच्या हिशोबाला. बादली आणि वीट सोमवारी.