कायरोप्रॅक्टरकडे जाऊन आल्यावर अंग जास्तच दुखतंय, काय काळजी घ्यावी?

मेघनार:

नमस्कार मंडळी, थोडी घाईत लिहितेय.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. बाळाला कारसीटमधून काढताना कंबरेत अशी उसण भरली की सरळ उभं राहता येईना. फॅमिली डॉक्टरांची वेळ लवकर मिळत नव्हती, म्हणून मैत्रिणीच्या ओळखीच्या कायरोप्रॅक्टरकडे (हाताने झटके देऊन कण्यावर उपचार करणारे) काल संध्याकाळी गेले. कुशीवर झोपवून, वरचा गुडघा पोटाशी घेऊन त्यांनी कंबरेला एक झटका दिला. कटकन आवाज आला. मग उताणं झोपवून मानही दोन्ही बाजूंना मोडली. मान दुखत नव्हती, पण सगळा कणा एकदम बघतो म्हणाले.

बाहेर पडताना हलकं वाटलं होतं. आज सकाळी मात्र कंबर आखडलीय, खांद्यांच्या मधे ठणका आहे आणि डोकं जड वाटतंय. हातात दिलेल्या कागदावर एवढंच आहे: बर्फ लावा, भरपूर पाणी प्या, जड उचलू नका. सासूबाई सांगलीहून आल्या आहेत, त्या म्हणतात बर्फ कसला, कोमट तिळाचं तेल चोळू आणि मिठाच्या पुरचुंडीने शेकू. नक्की काय करू? नवरा कामासाठी बाहेरगावी आहे, बाळाला उचलल्याशिवाय चालणार नाही. सूर्यनमस्कार रोज घालते, ते थांबवू का? शिवाय आठवड्यातून तीनदा या, पॅकेजचे पैसे आधी भरा असं सांगितलंय.

आणि सासूबाईंनाही मान दाखवायची आहे. त्यांना हाडं ठिसूळ झाल्याची गोळी चालू आहे, रक्त पातळ करायचीही.

चाफेकळी:

मलाही पहिल्या वेळी असंच झालं होतं, दोन दिवसांत गेलं. घाबरू नकोस. पण डोकं जड आहे म्हणतेस ते कुणा जाणकाराला विचार.

रानजाई:

मेघनाताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. आधी मानेचं बोलू, कारण मला तीच काळजी आहे. डोकेदुखी एकाच बाजूला आहे का? एकदम सुरू झाली का? चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, गिळायला त्रास, चेहरा किंवा हात बधिर होणं, पापणी खाली येणं, चालताना तोल जाणं, यातलं काहीही असेल तर लगेच ९११ ला, म्हणजे तिथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन करा. स्वतः गाडी चालवत जायचं नाही आणि पुन्हा मान मोडून घ्यायला तर मुळीच जायचं नाही. इमर्जन्सीत मानेला झटका दिला होता आणि कधी, हे पहिल्याच वाक्यात सांगा. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटून स्ट्रोक होऊ शकतो. हे क्वचित होतं, पण लक्षणं काही तासांनी किंवा काही दिवसांनीही दिसू शकतात, म्हणून येते काही दिवस लक्ष असू द्या. कंबरेचंही तसंच. दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, लघवी होईना किंवा आवरेना, पायातली ताकद गेली, तर तासभरही थांबू नका.

मेघनार:

नाही, यातलं काही नाही. डोकं दोन्ही बाजूंनी सारखं जड आहे, थोडं झोपल्यावर कमी झालं. डॉक्टरांच्या नर्सलाइनला फोन केला, त्यांनीही हेच प्रश्न विचारले आणि घरी थांबून लक्ष ठेवा म्हणाल्या.

रानजाई:

बरं झालं फोन केलात. मग हा आखडलेपणा व्यायामशाळेतल्या पहिल्या दिवसानंतर येतो तसला असावा, साधारण दिवस-दोन दिवसांत ओसरतो. वाढत गेला तर दाखवा. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा झाल्याचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नाही.

शेक की बर्फ यावर भांडू नका. उसणीला बहुतेकांना शेकच बरा वाटतो. सासूबाईंची पुरचुंडी चालेल, फक्त चटका बसेल इतकी गरम नको. पंधरा-वीस मिनिटं पुरे. कंबरेला तेल हलक्या हाताने लावा. मान चोळायची नाही, दाबायची नाही, स्वतः मोडायची नाही. पाणी तहानेपुरतं प्या, झटक्याने अंगातली विषं सुटतात आणि ती पाण्याने धुऊन निघतात याला आधार नाही.

पडून राहू नका, घरातल्या घरात थोडं थोडं चाला. सूर्यनमस्कार दुखणं शमेपर्यंत बंद. बाळाला जमिनीवरून घेताना एक गुडघा टेकवा, त्याला छातीशी घट्ट धरा, मगच उठा. कारसीटमधून काढताना एक पाय गाडीच्या आत ठेवा आणि कंबरेतून वळण्याऐवजी सगळं अंग त्याच्याकडे फिरवा. उसण तिथेच भरली होती ना? मान दोन्हीकडे सहज वळत नसेल तर तोवर गाडी चालवू नका.

पॅकेजचे पैसे आत्ता भरू नका. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत नव्या कंबरदुखीसाठी शेक, मालिश आणि कण्याला हाताने दिलेले उपचार हे सगळेच पर्याय आहेत. त्यांत हेही म्हटलंय की असली दुखणी बहुतेकदा कसलाही उपचार केला तरी काळाने बरी होतात. पुन्हा गेलात तर मानेला हात लावायचा नाही असं आधीच सांगा, तो तुमचा हक्क आहे.

सासूबाईंना मात्र झटका अजिबात नको. ठिसूळ हाड मोडू शकतं आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना आत रक्तस्राव होण्याची भीती असते.

मेघनार:

खूप आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मग गावी गेल्यावर पायाळू माणसाकडून पाय लावून घेईन. तेही नको ना?

रानजाई:

तेही नको. पाठीला लाथ बसली काय किंवा टेबलावर झटका बसला काय, त्यांच्या मणक्याला धोका तोच. त्यांची मान आधी डॉक्टरांना दाखवा आणि गोळ्यांची यादी सोबत न्या. दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन त्यांना मनाने देऊ नका, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर त्याने रक्तस्राव वाढतो. तुम्हाला गोळी लागलीच आणि बाळ अंगावर पीत असेल, तर तीही नर्सलाइनला विचारूनच घ्या.