आईविना मांजराचं पिल्लू: जगलेली, गेलेली, सगळे अनुभव लिहा

कोथरूडची मावशी

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सोसायटीत दरवर्षी हाच प्रकार. मीटरच्या पेटीमागे, नाहीतर बंद पडलेल्या स्कूटरच्या आडोशाला कुठली तरी भाटी विते, मग ती दिसेनाशी होते आणि पिल्लू माझ्या दारात. वॉचमनला माझं घर पाठ झालंय. यंदाचं पिल्लू मूठभर, डोळे मिटलेले, पोटाला नाळेचा वाळका तुकडा अजून चिकटलेला. आई गाडीखाली गेलेली वॉचमननेच पाहिली होती, त्यामुळे तिची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

घरात सगळ्यांची एकच घाई, दूध द्या. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "दुधाचं नंतर बघू. अंग गार आहे का सांगा." गारच होतं. तोंडात करंगळी घातली तर आतूनही गार. इतक्या लहान पिल्लांना अंगात ऊब धरता येत नाही, कुडकुडताही येत नाही. अंग ३५ अंश सेल्सियसच्या खाली उतरलं की आतडी चालेनाशी होतात. तशात दूध पाजलं तर ते पोटात तसंच पडून राहतं, नाहीतर उलटून फुप्फुसात जातं. म्हणून बाटलीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी भरलं, तिला जुना पायमोजा चढवला आणि खोक्याच्या एकाच कडेला ठेवली. जास्त गरम झालं तर पिल्लाला सरपटत बाजूला होता यायला हवं ना. वर सुती साडीचा तुकडा. एकदम गरम करायचं नाही, तास-दोन तास घेऊन हळूहळू. मग त्याने डोकं हलवत तोंडाने काहीतरी शोधायला सुरुवात केली, तेव्हा पहिला थेंब दिला.

बल्ब लावा म्हणून सगळे सांगतात. हल्लीच्या एलईडीला कसली ऊब? जुना पिवळा बल्ब हार्डवेअरवाल्याने माळ्यावरून शोधून दिला आणि वर विचारलं, "काकू, कोंबड्या पाळल्यात का?"

आता डोळे उघडायच्या बेतात आहेत, पण एका पापणीच्या कोपऱ्यातून पिवळा पू येतोय. उद्या दवाखान्यात नेतेच आहे. ज्यांनी असं पिल्लू घरी वाढवलंय त्यांनी लिहा. रात्रीचं दूध, जुलाब, नोकरी सांभाळून कसं केलंत, सगळं. फसलेले प्रयत्नही लिहा, तेच जास्त कामाला येतात.

डोंबिवलीकर

आम्ही दोघंही नोकरीवाले. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी दूध, रात्रीसुद्धा. रात्री दोनचं माझं, पहाटे पाचचं बायकोचं. लोकलमध्ये मी उभ्याउभ्या झोपायचो, पण ते तसंही झोपतोच.

माझ्या मते दुधाइतकाच महत्त्वाचा आहे वजनकाटा. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा, त्यावर प्लास्टिकचा डबा, डब्यात पिल्लू. जन्मतः साधारण ८५ ते ११० ग्रॅम भरतं, आणि तब्येत ठीक असेल तर दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढतं. कालनिर्णयवर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी आम्ही रोज त्याच वेळी घेतलेलं वजन लिहायचो. पिल्लू दिसायला टुणटुणीत असतं आणि आकडा मात्र जागचा हललेला नसतो. दिवसभरात वजन वाढलं नाही, किंवा घटलं, की लगेच फोन. लक्षणं दिसायची वाट बघायची नाही.

दूध पिशवीचं नको. गाईच्या दुधात मांजराच्या दुधापेक्षा लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जास्त आणि प्रथिनं, स्निग्धांश कमी. पोट भरल्यासारखं दिसतं आणि संध्याकाळपर्यंत जुलाब सुरू. पिल्लांसाठीची पावडर मिळते, रॉयल कॅनिनची बेबीकॅट मिल्क आम्ही वापरली. महाग आहे, तक्रार नाही. सुई काढलेली एक मिलीची सिरिंज, दूध आपल्या मनगटावर कोमट लागेल इतकं. १०० ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी चारेक मिली पुरतं. भूक आहे म्हणून जास्त ओतायचं नाही.

आणि कृपा करून बाळासारखं उताणं धरून पाजू नका! पालथं, आईखाली पडून पितं तसं, डोकं जरासंच वर. सिरिंज दाबायची नाही, थेंब आला की त्याला चोखू द्यायचा. नाकातून दूध आलं तर थांबा, तोंड खाली करून पुसा. नंतर श्वासाला घरघर वाटली तर त्याच दिवशी डॉक्टर.

कुडाळची

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तरी दरवर्षी कुणीतरी पिल्लं 'वाचवून' आणतंच. माझ्या भाच्याने माळ्यावरून एक उचललं, तर आजी खालून ओरडली, "तेका हात लावू नको, आवस येतली तेची!" त्याने ठेवलं जागेवर, आणि आम्ही सगळे लांब मागच्या पडवीत जाऊन बसलो. माणसं आसपास असली की भाटी येत नाही. ती आली, मानेला धरून एकेक नेलं, शेवटच्याला घ्यायला बऱ्याच उशिराने आली. तेवढ्या वेळात कुणीही त्याला अनाथ ठरवलं असतं. पिल्लू उबदार आहे, पोट गोल आहे, गप्प झोपलंय, तर आई जवळपास आहे समजा. मळकं, गार आणि एकसारखं ओरडणारं असेल तर मात्र उचला.

खरंच आई नसलेलं एक आलं होतं, गोठ्यात गवताच्या भाऱ्यामागे. नेमकी तेव्हा आमच्या मनीला पिल्लं होती. तिच्या अंथरुणातल्या फडक्याने हे पिल्लू सगळीकडून पुसलं आणि ती झोपेत असताना तिच्या पिल्लांत सरकवलं. तिने हुंगलं, जरा विचार केला, आणि चाटायला लागली. मनीने जे केलं ते मला सिरिंज घेऊन जमलं नसतं.

पशुवैद्य, मधेच तोंड घालते

मावशी, आधी डोळा. साधारण ७ ते १४ दिवसांत डोळे उघडतात. त्याआधी पापणीच्या आत पू साठला तर पापणी फुगते, आणि तो आतच राहिला तर बुबुळ खराब होऊन डोळा जाऊ शकतो. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून, चिकटलेला थर मऊ होईपर्यंत टेकवून ठेवा, मग नाकाकडून बाहेर पुसा. दुसऱ्या डोळ्याला नवीन कापूस. बोटांनी ओढून उघडू नका, ते काम दवाखान्यात होऊ द्या. घरात कुणाचे तरी उरलेले डोळ्यांचे ड्रॉप असतातच. ते नकोत, त्यात स्टेरॉइड असेल तर नुकसान होतं.

कुडाळच्या ताई, मनीला दंडवत. फक्त पिल्लू शिंकत असेल किंवा जुलाब असतील तर तपासल्याशिवाय दुसऱ्या पिल्लांत सोडू नये. आईच्या चिकातून मिळणारी रोगप्रतिकारशक्ती आतड्यातून शोषली जाते ती जेमतेम पहिल्या दिवसात. ज्याला तो चीक मिळालाच नाही, त्याला साधी सर्दीही जड जाते.

माझ्याकडे येणारी निम्मी दुखणी घरगुती उपायांची असतात, म्हणून हे जरा रागाने लिहिते. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एका गोळीने मोठं मांजरही मरतं. कुत्र्याच्या गोचिडांचं परमेथ्रिनवालं औषध तसंच. आणि फिनाईल! पिल्लाचा कोपरा 'स्वच्छ' ठेवायला लोक फिनाईलने पुसतात, डेटॉलच्या पाण्याने कपडे धुतात. फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि पिल्लू तेच पंजे चाटतं. साधा साबण, गरम पाणी, कडक ऊन, बस.

पिसवा असतील तर थट्टेवारी नेऊ नका. १०० ग्रॅमच्या जिवात रक्त ते किती असणार? हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर रक्त कमी झालंय. या वयात पिसवांचं औषध चालत नाही. बारीक दातांची फणी, कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब, तोंड कोरडं ठेवायचं, आणि लगेच टिपून उबेत. ओलं राहिलं तर पिसवांऐवजी गारठ्याने जाईल.

सांगलीची सूनबाई

मी पिल्लू आणलं तेव्हा सासूबाई तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "मांजर घरात, आणि तेही सोवळ्याच्या खोलीशेजारी!"

पिल्लू दूध प्यायचं पण शू करेना. पोट टम्म. मला तोवर माहीतच नव्हतं की तीनेक आठवड्यांपर्यंत त्यांना स्वतःहून शी-शू करता येत नाही, आई चाटते तेव्हाच होते. डॉक्टरांनी कोमट ओल्या कापसाने हलकेच चोळायला सांगितलं, प्रत्येक दुधाच्या आधी नाहीतर नंतर. मी आपली घाबरत घाबरत टेकवतेय, होत काही नाही. सासूबाई दारातून बघत होत्या. शेवटी न राहवून आल्या, पदर खोचला, माझ्या हातातून कापूस घेतला आणि "श्शूऽऽ श्शूऽऽ" सुरू केलं, नातवंडांना करायच्या तसं. झाली की! आता मांजराला त्या आवाजाचं काय घेणं, कापूस योग्य जागी लागला म्हणून झाली, पण हे त्यांना सांगायची माझी टाप नाही.

नंतर शूचा रंग बघायचं कामही त्यांनी घेतलं. फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. शी मोहरीच्या रंगाची आणि घट्टसर असायची. एकदा पातळ आणि पांढुरकी झाली तेव्हा मला ऑफिसात फोन, "तुझ्या लेकाला डॉक्टरकडे ने."

नागपूरचा

राजेहो, आमच्याकडं मे महिन्यात पिल्लू गार पडलं म्हटलं तर लोक हसतात. बाहेर ४५ अंश. पण ज्यांच्या घरून आणली ती दोन पिल्लं कूलरच्या सरळ झोतात ठेवलेली होती. कूलरची ओली हवा, आणि ही एवढीशी.

आम्ही कूलर बंद करून त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. उलटी भीतीही होती, जास्त तापलं तर हातपाय पसरून तोंड उघडून श्वास घेतात. पहिल्या आठवड्यात आजूबाजूला ३० अंशांच्या आसपास पुरे, म्हणून थर्मामीटर खोक्यातच टांगला.

थोरलं पीत होतं, वाढत होतं. धाकटं पहिल्यापासून मागं. ते भावापासून दूर सरकून पडायला लागलं, आवाज बारीक झाला. एका सकाळी मान मागं टाकली आणि तोंड उघडबंद करून राहिलं होतं. अंगाला गुंडाळलं, डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणं साखरेच्या पाण्याचे थेंब हिरडीला चोळले, कारण यांची साखर झपाट्यानं उतरते, आणि गाडी काढली. तिथं त्यांनी कातडीखाली कोमट सलाइन दिलं. संध्याकाळी गेलं.

डॉक्टर म्हणाले, आई असतानाही पिल्लं अशी मिटत जातात. कधी जन्मजात दोष असतो, कधी संसर्ग, पुष्कळदा कळतही नाही. बायको दोन दिवस नीट जेवली नाही. थोरल्याला दर तीन तासांनी भूक लागतच होती, त्यामुळं उठणं भाग होतं. आज तो फ्रिजवर बसून आमच्यावर नजर ठेवतो.

पणजीहून

माझा अनुभव खाजेचा आहे. पिल्लू छान वाढलं, दात आले, आणि कानामागे एक गोल टक्कल पडलं. आम्ही म्हटलं, खाजवलं असेल. पुढच्या पंधरवड्यात माझ्या मनगटावर गोल चट्टा, मग मुलीच्या गळ्यावर, मग नवऱ्याच्या पोटावर. गजकर्ण! पावसाळ्यात इथे बुरशीला काय कमी? पिल्लाला पशुवैद्य, आम्हाला त्वचेचे डॉक्टर, अशा दोन फाइली झाल्या. मुलगी पिल्लू गळ्याशी घेऊन झोपायची, त्यामुळे तिचं सगळ्यात उशिरा बरं झालं. टक्कल दिसलं की लगेच दाखवा, आणि तोवर अंथरुणात नको.

कोथरूडची मावशी

डोळा वाचला. डॉक्टरांनी कोमट सलाइनने पापणी सोडवली, भरपूर पू निघाला, आतलं बुबुळ स्वच्छ आहे. ड्रॉप दिलेत, दिवसातून चारदा. घरातल्या फिनाईलची बाटली शेजारणीला देऊन टाकली, तिच्याकडे मांजर नाही.

पुढचं विचारायचं होतं. जंताचं औषध आणि लस कधीपासून?

पशुवैद्य

जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांपासून, वजनावर डोस ठरतो, म्हणून अंदाजाने देऊ नका. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण १६ आठवडे होईपर्यंत. त्यातच पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगापासूनचं संरक्षण येतं. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. तोवर बाहेरच्या मांजरांपासून लांब. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाने चावा घेतला किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि माणसांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा, पिल्लू कितीही गोड असलं तरी.

डोंबिवलीकर

नोकरीचं विचारलंय म्हणून: पहिले दोन आठवडे आम्ही आलटून पालटून रजा काढल्या, दुसरा उपाय सापडला नाही. पुढे दुधातलं अंतर चार तासांवर गेलं, तेव्हा शेजारच्या आजोबांना सिरिंज शिकवली. त्यांचा हात आमच्यापेक्षा स्थिर निघाला.

आणखी एक, एकटं वाढवणाऱ्यांसाठी. भावंडं असली की जोरात चावल्यावर समोरचं ओरडतं आणि चावण्याची मर्यादा कळते. आमच्याला समोर फक्त माझी पोटरी होती. दोन महिन्यांचा झाल्यावर तपासून, लस देऊन त्याच्याच वयाची एक भाटी आणली, तेव्हापासून माझ्या पोटऱ्या मोकळ्या आहेत. दोघांचंही नसबंदीचं ऑपरेशन वेळेत करून घेतलं.