ओपन रेल्स: वॅप-7 आणि एलएचबी रेक टाकला, डबे एकमेकांत घुसतायत आणि कसारा घाट बँकरशिवाय चढतोय

घाटवेडा_99:
मंडळी मदत करा. लहानपणी एमएसटीएस (मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर गेम) खेळायचो, आता परत चस्का लागलाय म्हणून ओपन रेल्स हा फुकटचा ट्रेन सिम्युलेटर टाकला, जुना सगळा डेटा त्यात चालतो हे बघून जाम खूश झालो. एका साइटवरून वॅप-7 (इलेक्ट्रिक इंजिन) आणि एलएचबी (नवीन प्रकारचे) डबे घेतले, झिप उघडून ट्रेनसेट फोल्डरमध्ये टाकले, कन्सिस्ट फाइल (गाडीत कुठलं इंजिन, कुठले डबे याची यादी) पण टाकली. आधी तर इंजिन एकटंच उभं, मागे डबेच नाहीत. मग डबे दुसऱ्या फोल्डरात हलवले तर आले, पण एकमेकांत घुसलेत, एकाचा दरवाजा दुसऱ्याच्या पोटात. बरं तशीच गाडी सोडली, कसाऱ्याहून इगतपुरीकडे, 22 डबे, एकटं इंजिन, बँकर (घाटात मागून ढकलणारं जादा इंजिन) नाही, आणि साठ-पासष्टने वर!! मजा आली पण हे खरं नाही एवढं कळतं. कुठे चुकलो?

जुना_फायरमन:
डबे का दिसले नव्हते ते आधी. झिप उघडताना विंडोज फोल्डरच्या आत त्याच नावाचा आणखी एक फोल्डर करतं, म्हणजे ट्रेनसेट, त्यात एलएचबी, त्यात परत एलएचबी. कन्सिस्टला वरच्या फोल्डरातच डब्याची माहिती असलेली डब्ल्यूएजी फाइल लागते, ती सापडली नाही की तो डबा सोडून देतो. दरवेळी डेस्कटॉपवर ओपनरेल्सलॉग नावाची फाइल बनते ती उघडत जा रे, काय सापडलं नाही ते सगळं तिथे लिहिलेलं असतं, आम्ही वर्षभर तिला कचरा समजून डिलीट करत होतो 😅

डबेवाला_कल्याण:
घुसण्याचं कारण मी न बघता सांगतो. डब्ल्यूएजी फाइल उघड, साइझची ओळ बघ, कंसात तीन आकडे असतात, रुंदी उंची लांबी. तिसरा 22.297 असणार. ती आयसीएफ, म्हणजे जुन्या प्रकारच्या डब्याची लांबी, बफरसकट. ज्याने ॲड-ऑन बनवलंय त्याने आयसीएफची फाइल कॉपी करून फक्त चित्र बदललंय. एलएचबी कपलरपासून कपलरपर्यंत 24 मीटर भरतो, म्हणजे प्रत्येक डबा पावणेदोन मीटर मागच्यात घुसणारच. 24 कर. आणि तिथेच ब्रेक सिस्टिमची ओळ पण बघ, जुन्या फाइलमधून व्हॅक्यूम राहिलेलं असेल तर एअर ट्विन पाइप (हवेच्या दाबाचे ब्रेक) कर, नाहीतर इगतपुरीला थांबशील की नाही देव जाणे.

घाटवेडा_99:
दादा अंतर्यामी आहात!! 22.297 च होतं, आणि व्हॅक्यूम पण होतं. डबे आता मस्त लागले. घाटाचं काय पण?

जुना_फायरमन:
इंजिनची ईएनजी फाइल उघड आणि मॅक्सपॉवर, मॅक्सफोर्स आणि मास काय आहे ते इथे टाक.

घाटवेडा_99:
मॅक्सपॉवर 6350 किलोवॅट, मॅक्सफोर्स 500 किलोन्यूटन, मास 123 टन.

जुना_फायरमन:
हं. 6350 हा हॉर्सपॉवरचा आकडा आहे, यांनी पुढे किलोवॅट लावून टाकलं. खरे साधारण 4735 किलोवॅट. फोर्स 322.6 कर. मास बरोबर आहे. आणि ऑप्शन्समध्ये सिंपल फिजिक्सची टिक असेल तर काढ. एक सांगतो, मूळ फाइलला हात लावू नकोस, इंजिनच्या फोल्डरात ओपनरेल्स नावाचा फोल्डर कर, त्यात त्याच नावाची ईएनजी फाइल, पहिली ओळ कोरी, दुसऱ्या ओळीत इन्क्लूड लिहून मूळ फाइलचा पत्ता, आणि खाली फक्त बदललेले आकडे. बिघडलं तर तो फोल्डर उडवायचा, विषय संपला.

घाटवेडा_99:
केलं. आता घाटात उभीच राहिली 😭 थ्रॉटल पूर्ण, हलत नाही. फोर्स थोडा वाढवू का, 400?

डबेवाला_कल्याण:
अरे नको वाढवू!! आत्ता कुठे खरी झालीये. हिशोब कर ना, डबा माणसांसकट 50 टन धर, 22 डबे 1100, अधिक इंजिन 123, झाले 1223 टन. घाट 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर चढ. 1223 ला 37 ने भागलंस तर 33 टन, म्हणजे 324 किलोन्यूटन नुसतं मागे न घसरायला लागतात, आणि इंजिनकडे एकूण 322.6. म्हणून तर कसाऱ्याला बँकर लावतात. झोपेत असताना मागून तो धक्का बसतो ना, तोच.

जुना_फायरमन:
कन्सिस्टच्या शेवटी दोन वॅग-7 (मालगाडीची इलेक्ट्रिक इंजिनं) जोड, तोंड फिरवायचं असेल तर त्या इंजिनाच्या कंसात फ्लिप लिही. खऱ्यात बँकरला वेगळा ड्रायव्हर असतो, इथे तुझ्याच थ्रॉटलवर चालतील, तेवढं मनाला समजाव.

घाटवेडा_99:
चढली!! आरामात. बोगद्यात मागे वळून बघितलं, बँकर दिसतायत, डोळ्यात पाणी. फक्त वॅप-7 चा हॉर्न डिझेलचा वाजतोय.

डबेवाला_कल्याण:
ईएनजीमध्ये साउंडची ओळ दोनदा असते, एक वॅगनच्या भागात, बाहेरून ऐकू येतो तो, एक इंजिनच्या भागात, कॅबमधला. दोन्हीकडे एसएमएस फाइलचं (आवाजाच्या फाइलचं) नाव बघ, डब्ल्यूडीएम-2 या डिझेल इंजिनाचं असणार बघ.